टीटीला कॉइलओव्हर बसवायचे आहेत: कोणते, किती खाली, आणि नागपूरच्या रस्त्यांवर बसवावेत का?

धरमपेठी (शनिवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची ऑडी टीटी, ४५ टीएफएसआय क्वात्रो (चारही चाकांना ताकद), सेकंड हँड घेतलेली. मागच्या डाव्या शॉकमधून तेल झिरपून राहिले आणि उजवाही फार दिवसांचा सोबती दिसत नाही. कंपनीचे चारही शॉक, माउंट आणि मजुरी धरून जे कोटेशन आले ते पाहून वाटले, एवढ्यात थोडे आणखी टाकले तर कॉइलओव्हरच (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) का बसवू नये?

वापर सांगतो. रोज धरमपेठ ते बुटीबोरी, वर्धा रोडने. रविवारी पहाटे समृद्धीवर वेरुळा-शिर्डीकडे किंवा काटोल रोडला. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी पचमढी किंवा चिखलदऱ्याचा घाट. ट्रॅकवर कधीतरी न्यायची हौस आहे, पण जवळ ट्रॅक कुठे आहे आपल्याला? कोइम्बतूर नाही तर चेन्नई, नाही तर ग्रेटर नोएडा. त्यामुळे तो विषय नव्वद टक्के स्वप्नातच समजा.

बजेट अडीच लाखांच्या आत, बसवण्यासकट. यादीत बिलस्टाइन बी१४ आणि बी१६, केडब्ल्यू व्हेरियंट २ आणि ३, बीसी रेसिंगचा बीआर. ओहलिन्स आवडतो, पण खिसा नाही म्हणतो. गाडी सध्या १९ इंची रिमवर आहे, टायर २४५/३५. दिसायला थोडी खाली बसलेली हवी, पण घरासमोरच्या गल्लीतल्या ब्रेकरवर रोज पोट घासायची इच्छा नाही.

वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत. दुकानदारांचे ऐकून झाले, प्रत्येक जण जे स्टॉकमध्ये आहे तेच उत्तम म्हणतो.

मानेवाडा_एक्स्प्रेस (रात्री १०:५८)

आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला तं रोड वर गेला अन् घर खाली. तू गाडी खाली करून राहिला. दोन वर्षांनी ब्रेकरवरून नाही बे, रोडवर चढतानाच पोट घासणार तुझे. बाकी वाचतोय, खुर्ची टाकून बसलो.

पुणेरी_क्लच (रात्री ११:३०)

माझ्याकडे पोलो जीटीआय आहे, २०१६ ची तीन दरवाज्यांची, बी१४ वर. मत सरळ आहे: बी१४ घ्या आणि विषय संपवा.

कारण असं की बी१४ ला उंची सोडून फिरवायला काहीच नाही. शॉकचं व्हॉल्व्हिंग, म्हणजे आतल्या झडपांची मांडणी, त्या स्प्रिंगला जुळवून कारखान्यातूनच ठरवलेलं असतं. बटणं असली की माणूस दर रविवारी खाली वाकून क्लिक मोजत बसतो आणि शेवटी पुन्हा मधल्यावर येऊन थांबतो. बी१६ म्हणजे त्यालाच दहा टप्प्यांची चावी, पण ती एकच चावी रिबाउंड (दांडा बाहेर येतानाचा विरोध) आणि कंप्रेशन (आत जातानाचा) दोन्ही एकदम बदलते. म्हणजे उसळी कमी करायला गेलात तर धक्काही वाढतो.

मोनोट्यूब (एकाच नळीचे) असल्यामुळे तापून मऊ पडत नाहीत. लवासाच्या रस्त्यावर खाली उतरताना पहिला वळसा आणि शेवटचा वळसा सारखाच लागतो. गाडी कडक आहे का? आहे. पण ती स्पोर्ट्स कार आहे, पालखी नव्हे.

गुलमोहर (रविवार, सकाळी ७:१५)

मी नागपुरातच झेड४ चालवते, आणि मी कॉइलओव्हर *न* बसवलेल्यांच्या पक्षातली. माझ्या गाडीला रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारे) टायर होते. त्यांची बाजूची भिंत इतकी ताठ की रामदासपेठेतल्या पेव्हर ब्लॉकवरून गेले तरी दाताला दात लागायचा. रनफ्लॅट काढून साधे चांगले टायर घातले, स्टेपनी नाही म्हणून पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर डिक्कीत ठेवला. फरक एवढा पडला की सस्पेन्शनचा विषय माझ्यापुरता मिटला.

धरमपेठी, तुमचे १९ इंची रिम हाच अर्धा प्रश्न आहे. २४५/३५ आर१९ ची भिंत साधारण ८६ मिमी, २४५/४० आर१८ ची ९८. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, स्पीडोमीटर बिघडत नाही आणि १२ मिमी जास्त रबर मिळते. हे १२ मिमी कुठल्याही क्लिकने मिळणार नाहीत. आधी १८ चे रिम शोधा, मग शॉकचा विचार करा.

आणि एक साधा प्रश्न: तुमच्या गाडीला मॅग्नेटिक राइड (विजेवर कडक-मऊ होणारे शॉक) आहे की नाही, हे पाहिले का? बजेट त्यावरच हलेल.

धरमपेठी (सकाळी ९:०५)

ताई, १९ चा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, रिम दिसायला भारी म्हणून. मॅग्नेटिक राइडचे पाहून सांगतो. कसे ओळखायचे?

गुलमोहर (सकाळी ९:२०)

ड्राइव्ह सिलेक्टच्या मेनूत इंजिन, स्टिअरिंगसोबत सस्पेन्शन असा वेगळा पर्याय दिसतो का बघा. आणि गाडी लिफ्टवर असेल तेव्हा शॉकला वायर जाते का ते. वायर असेल तर साधे शॉक टाकल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो, तो घालवायला वेगळे मॉड्यूल किंवा कोडिंग लागते. तो खर्च कोटेशनमध्ये कुणी सांगत नाही.

वर्नियर (दुपारी १२:४०)

हिंगणा एमआयडीसीत आयुष्य गेले, स्प्रिंगा आणि शाफ्ट मोजण्यात. गाड्यांचा नाद जुना. म्हणून जरा लांब लिहितो, घाई असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावे.

इथे सगळे ब्रँड आणि क्लिक यावर बोलून राहिले. स्प्रिंग किती ताठ आणि चाकाला वर जायला जागा किती, हे कुणी विचारले नाही. नागपुरात हेच दोन आकडे कामाचे.

आधी स्प्रिंग. टीटी साडेतेराशे किलोच्या आसपास, चालक धरून चौदाशे. वजन पुढे जास्त. चाक, ब्रेक वगैरे खालचे वजन वजा केले की पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वरचे वजन ३६० किलो धरू. चाकाशी मोजलेला ताठपणा ३० न्यूटन प्रति मिमी असेल तर तो कोपरा सेकंदाला सुमारे १.४५ वेळा डुलतो. आरामात चालणारी पण घट्ट गाडी. तोच ताठपणा ६० केला की २.०५. ही ट्रॅककडे झुकलेली गाडी झाली. ताठपणा दुप्पट केला तरी डुलणे दुप्पट होत नाही, वर्गमुळाने वाढते. कंबरेला मात्र हा फरक लगेच कळतो.

आता आपल्या रस्त्याशी त्याची सांगड घाला. सिमेंट रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवी फट कापलेली असते. ताशी ३२ किमीने गेलात तर सेकंदाला दोन फटा चाकाखाली येतात. म्हणजे दोन हर्ट्झची गाडी नेमकी शहरातल्या वेगाला त्या फटांच्या तालावर घोडदौड करणार. दीड हर्ट्झच्या गाडीला हा ताल २४ च्या आसपास लागतो, जिथे तुम्ही फार वेळ राहतच नाही. समृद्धीवर १२० ला फटा सेकंदाला सातच्या वर येतात, तिथे डुलण्याचा नाही, चाकाच्या थरथरीचा प्रश्न असतो आणि ते काम शॉकचे आणि टायरचे.

मागचे गणित वेगळे. टीटीला मागे स्प्रिंग आणि शॉक एकत्र नाहीत. स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या भुजेवर), चाकापासून बरीच आत बसते. आर्मच्या तरफेमुळे चाकाशी तिचा जोर गुणोत्तराच्या *वर्गाने* घटतो. गुणोत्तर ०.६५ धरा, वर्ग ०.४२. म्हणजे ६० ची स्प्रिंग चाकाशी २५ चीच. म्हणून जाहिरातीत पुढे-मागे सारखा आकडा दिसला तर गाडी पुढे-मागे सारखी ताठ आहे असे समजू नये. काही किटमध्ये मागेही स्प्रिंग शॉकवर चढवतात, खरा कॉइलओव्हर म्हणून विकतात. पण शॉकचा वरचा माउंट आणि तिथला पत्रा मुळात गाडीचे वजन पेलायला केलेला नाही. रस्त्याच्या गाडीला तो प्रकार मी सुचवणार नाही.

आता जागा. चाक वर जाते, मग बंपस्टॉपला टेकते. बंपस्टॉपला टेकल्यावर तुमची स्प्रिंग जर्मनीची असो की तैवानची, त्या क्षणी गाडी रबराच्या गुल्ल्यावर उभी असते. बी१४ किंवा केडब्ल्यूसारख्या किटमध्ये पुढे कॉलर (स्प्रिंगखालची आट्यांची चकती) फिरवून उंची कमी केली की शॉकचा दांडा तेवढाच आत जातो, म्हणजे ३० मिमी खाली म्हणजे वर जाण्याची जवळपास तेवढीच जागा गेली. बीसीमध्ये खालचा माउंट वेगळा फिरतो, त्यामुळे दांड्याची जागा कायम राहते. मात्र मग टायर फेंडरच्या आतल्या लायनरला आधी भेटतो. जागा कुठून तरी जातेच.

आणि खाली केली की गाडी कमी झुकते हा समज. मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकच चाकाला वरून धरतो अशा) गाडीत खालचा आर्म आडवा होऊन पुढे उलट्या उतारावर गेला की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरते. दोघांतले अंतर वाढते, गाडीला झुकवणारी तरफ वाढते. ती भरून काढायला मग स्प्रिंग आणखी ताठ घ्यायची. बऱ्याच किटांचा ताठपणा हा त्या खालीपणाचा दंड असतो.

माझा सल्ला: जो किट कमीत कमी खाली ठेवता येतो तो घ्या, आणि त्याच्या वरच्या टोकाला बसवा. १० ते १५ मिमी, बस.

मानेवाडा_एक्स्प्रेस (दुपारी १२:५५)

काका, इंजिनिअरिंगले असताना तुम्ही शिकवायले असते तं माझा व्हायब्रेशनचा पेपर निघाला असता.

पुणेरी_क्लच (दुपारी २:१०)

वर्नियर, गणित मान्य, पण तुम्ही शॉकला बाजूला ठेवताय. ताठ स्प्रिंग आणि चांगला शॉक हे मऊ स्प्रिंग आणि वाईट शॉकपेक्षा केव्हाही सुसह्य. मी लोकांना साध्या लोअरिंग स्प्रिंगवर कंपनीचे जुने शॉक ठेवून फिरताना पाहिलंय. ते खरं उसळणं.

शिवाय मे महिन्यात तुमच्याकडे ४५-४६ अंश. तेल पातळ होतं. मोनोट्यूबमध्ये वायू तेलापासून तरत्या पिस्टनने वेगळा केलेला असतो, फेस होत नाही आणि नळी एकेरी असल्याने उष्णता थेट हवेत जाते. नागपूरला तर मोनोट्यूबच हवा.

वर्नियर (दुपारी ३:३५)

शॉकबद्दल आपण एकाच बाजूला आहोत. मोनोट्यूबचे उष्णतेचे गुण खरेच, ट्रॅकवर किंवा लांब खराब रस्त्यावर. पण धरमपेठ ते बुटीबोरी शॉक तापून फेसाळेल एवढे काम होत नाही. पातळ तेलाचा फरक दोन्ही प्रकारांत पडतो. रिबाउंडची चावी असेल तर डिसेंबर आणि मे यांत एक-दोन टप्पे हलवता येतात, तेवढा तिचा खरा उपयोग.

मोनोट्यूबची दुसरी बाजू: आतला दाब २० बारच्या वर असतो, सील घट्ट, त्यामुळे बारीक खडबडीवर दांडा हलायला किंचित नाराज असतो. आणि पिस्टन थेट बाहेरच्या नळीत फिरत असल्याने दगड लागून नळीला पोचा पडला की शॉक गेला. दुनळीत (नळीत नळी असलेल्या शॉकमध्ये) बाहेरची नळी पोचली तरी आतली चालत राहते.

क्लिकबद्दल एक गोष्ट राहिली. शॉकच्या भाषेत कमी वेग आणि जास्त वेग हा *दांड्याचा* वेग असतो, गाडीचा नाही. वळणात गाडी हळूहळू झुकते, तो कमी वेग. पेव्हर ब्लॉकची कड किंवा फट लागते, तो जास्त वेग, गाडी भले २० नेच चालली असो. या किमतीतल्या बहुतेक चाव्या कमी वेगावरच जास्त परिणाम करतात. म्हणजे कड लागल्याचा ठोका चावीने जात नाही. तो कारखान्यातल्या व्हॉल्व्हच्या पत्र्यांवर ठरतो. बीआरचे ३० टप्पे म्हणून हुरळून जाऊ नये.

झिरो_कॅम्बर (दुपारी ४:००)

भाऊ एवढं डोकं कायले लावता, एअर सस्पेन्शन टाक. फुटाळा तलावावर बसवली की फोटो काढ, घरी जाताना वर कर.

गुलमोहर (दुपारी ४:२०)

फोटो फुटाळ्यावर, कॉम्प्रेसर डिक्कीत, टाकी डिक्कीत, आणि अडीच लाखांचे काय? ते बजेट तिथे सुरू होते, संपत नाही. त्यांना चालवायला गाडी हवी आहे, बसवायला नाही.

स्टुटगार्टकर (संध्याकाळी ७:५०)

मूळचा महालचा, सध्या नावाप्रमाणे. इकडे टीटीवर कॉइलओव्हर रोज दिसतात, म्हणून इकडची बाजू सांगतो.

जर्मनीत किट विकताना त्यासोबत तपासणीचे कागद येतात. त्यात कुठल्या गाडीला, किती एक्सल वजनापर्यंत (चाकांच्या त्या जोडीवर येणारे वजन) आणि उंचीच्या कुठल्या मर्यादेत, हे छापलेले असते. बसवल्यावर टीयूव्हीसारख्या संस्थेकडे गाडी दाखवायची, मग नोंद होते. भारतात ही नोंद कामाची नाही, पण तो कागद वाचायला फार कामाचा. बहुतेक उत्पादकांच्या साइटवर मिळतो. तुमच्या गाडीचे पुढचे-मागचे एक्सल वजन त्यात बसते का ते आधी पाहा. पुढच्या चाकांची, हलक्या इंजिनची टीटी आणि क्वात्रो यांचे किट नंबर वेगळे असू शकतात. स्ट्रटचा व्यासही मोजा: या प्लॅटफॉर्मवर ५० आणि ५५ मिमी असे दोन प्रकार असतात. पार्सल फोडून झाल्यावर हे कळले तर परत पाठवणे म्हणजे पुन्हा कस्टमशी भेट.

आता एक गोष्ट जी तुमच्या यादीत नाही. केडब्ल्यूची नळी आणि कॉलरचे आटे स्टेनलेस स्टीलचे असतात, त्याचे पैसे लागतात. इकडे ते पटते, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्या काही हिवाळ्यांत चिकटून बसतात. नागपुरात ना समुद्र, ना मीठ. त्याच घराचा एसटी नावाचा ब्रँड आहे, नळी जस्त मुलाम्याची. त्यातला एक्सए प्रकार रिबाउंडच्या चावीचा, दुनळी, किंमत व्हेरियंट २ पेक्षा कमी. मला नागपूरला राहून टीटीला किट घ्यायचा असता तर तोच घेतला असता आणि वाचलेल्या पैशांत गुलमोहर म्हणतात ते १८ चे रिम.

आणि कुणाला परवडत असेल तर व्हेरियंट ३ चा फायदा खरा आहे, रिबाउंड आणि कंप्रेशन स्वतंत्र. पण ते स्वतंत्र लावता येणारा माणूसही लागतो. ट्रॅक नसताना ते पैसे मी कंप्रेशनच्या चावीत घालणार नाही.

(तर्री पोहे खाऊन किती दिवस झाले हे विचारू नका.)

मानेवाडा_एक्स्प्रेस (संध्याकाळी ८:०५)

नाही विचारत. सकाळीच कस्तुरचंद पार्कजवळ दोन प्लेटा झाल्या.

आरसी_बुक (रात्री ९:३०)

कुणी तरी कायद्याचेही बोलायला हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिले गेले. परवानगी नसलेल्या बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

शॉकचा आरसीत उल्लेख नसतो हे खरे, पण गाडी ठळकपणे खाली आणि टायर बाहेर आलेले दिसले की रस्त्यावरचा वाद तुम्हालाच घालायचा असतो. १० मिमी खाली कुणाला दिसत नाही. वर्नियर यांचा सल्ला कायद्याच्या अंगानेही शहाणा आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे विमा. कंपनीला लेखी कळवा, बिल जोडा, लागेल तो जादा हप्ता भरा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअरने गाडीखाली रंगीत स्प्रिंग पाहिली आणि कागदावर काहीच नसले की चर्चा तिथून सुरू होते. आणि जुने स्प्रिंग-माउंट भंगारात देऊ नका. गाडी विकताना मूळ रूपात आणता आली पाहिजे.

धरमपेठी (बुधवार, रात्री ९:१५)

मंडळी, गाडी लिफ्टवर चढवून सगळे पाहून आलो.

मॅग्नेटिक राइड नाही. मेनूत सस्पेन्शन नाही, शॉकला वायर नाही. स्ट्रट व्हर्नियरने मोजला, ५५ मिमी. पुढच्या खालच्या आर्मचे मागचे बुश (रबरी जोड) दोन्हीकडे चिरले आहेत, म्हणजे ब्रेक मारताना स्टिअरिंग जे किंचित ओढते ते शॉकमुळे नव्हतेच. मागचा डावा शॉक पूर्ण गेला.

वर्नियर काकांनी मला व्यक्तिगत निरोपात एक युक्ती सांगितली होती: मागच्या चांगल्या शॉकच्या दांड्यावर केबल टाय घट्ट बांधायचा, रोजच्या रस्त्याने जाऊन यायचे आणि टाय कुठवर सरकला ते पाहायचे. एकटा असताना टाय बंपस्टॉपच्या बराच अलीकडे थांबला. डिक्कीत सामान आणि शेजारी भाऊ बसवून गल्लीतला ब्रेकर घेतला, तर टाय थेट बंपस्टॉपला भिडला. कंपनीच्या उंचीवर ही अवस्था! ३० मिमी खाली करायचे माझे जे चित्र होते ते तिथेच मिटले.

आता प्रश्न: बुश आणि १८ चे रिम आधी, मग शॉक? की सगळे एकदम?

वर्नियर (रात्री १०:००)

एकदम. दर वेळी सबफ्रेमखाली हात घालण्याची मजुरी आणि अलाइनमेंट तेवढी वाचते. तसेही आपले ब्रेकर भारतीय रस्ते काँग्रेसच्या (रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या) मापाचे असते तर हा धागाच लागला नसता. त्यांचे माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, २५ च्या वेगाला आरामात ओलांडता येईल असे. गल्लीतला ब्रेकर तेवढाच उंच, पण रुंदीला दीड फूट. टीटीचा व्हीलबेस २५०५ मिमी, लांब सेडानपेक्षा कमी, त्यामुळे मधले पोट सहसा वाचते. आधी लागते ते पुढच्या बंपरचे ओठ. १० मिमीला तेही सांभाळेल.

बसवताना गॅरेजवाल्याच्या शेजारी उभे राहून दोन-तीन गोष्टी पाहून घ्या. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना शेवटचे आवळू नयेत. चाकांवर वजन आल्यावर, किंवा जॅकने आर्म त्या उंचीला आणून, मग आवळायचे. नाही तर नवे रबर कायम पीळ पडलेल्या अवस्थेत राहते, गाडी थोडी वर ताठलेली दिसते आणि वर्षा-दीड वर्षात बुश पुन्हा चिरतात. निम्म्या गॅरेजांत हे होत नाही, कारण लिफ्टवरच सगळे आवळून टाकणे सोपे. ताणून आवळायचे, एकदाच वापरायचे बोल्ट नवे घ्या. स्ट्रटचे वरचे बेअरिंग जुने ठेवू नका, स्वस्त भाग आहे आणि त्यासाठी पुन्हा सगळे उघडावे लागते.

थोडे चालवून स्प्रिंग बसल्यावर उंची चारही कोपऱ्यांना मोजा, फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत. जमिनीपासून मोजली तर टायरची हवा आकडा फसवते. मग अलाइनमेंट. मागे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचे तोंड आत-बाहेर वळलेले असणे) दोन्ही लागतात, पुढे टो. टायरची आतली कड खाल्ली जाते ती बहुतेक वेळा टोमुळे, लोक दोष कॅम्बरला देतात. आणि मागच्या आर्मला हेडलाइटचा लेव्हल सेन्सर असेल तर तो नव्या उंचीला शिकवून घ्या, नाही तर रात्री समोरचा तुम्हाला शिव्या देत येईल.

पावसाळ्यानंतर आटे ब्रशने धुऊन कोरडे करून वंगणाचा हात द्या. मीठ नसले तरी उमरेड रोडकडची काळी माती आट्यात वाळली की कॉलर हलत नाही.

पुणेरी_क्लच (रात्री १०:२५)

केबल टायचा पुरावा बघितल्यावर मी बी१४ चा हट्ट धरत नाही. तुमच्या रस्त्यांना नाही म्हणतोय, तत्त्वाला नाही. ट्रॅकला गेलात तर कळवा, तेव्हा परत भांडू.

धरमपेठी (पुढचा सोमवार, रात्री ८:४०)

ठरले. एसटी एक्सए, चासी नंबर देऊन किट क्वात्रोचाच आहे हे लेखी घेतले. कागदातल्या मर्यादेत पुढे-मागे एक्सल वजन बसते, तेही पाहिले. १८ चे वापरलेले मूळ रिम मिळाले, एकाला किंचित वाक होता तो सरळ करून बॅलन्स केला. पुढचे बुश, वरची बेअरिंग, नवे बोल्ट असे सगळे एका दमात. सुट्या भागांवरचा जीएसटी २८ चा १८ झाल्यामुळे बजेटला थोडा श्वास मिळाला, पण रिम धरले तर अडीच लाखांची रेघ जराशी ओलांडली. उंची वरच्या टोकाला, साधारण १० मिमी खाली.

विमा कंपनीला मेल केला, उत्तर आले की बिल पाठवा. आरसी_बुक, धन्यवाद.

गॅरेजवाल्याला बुशचे बोल्ट वजनावर आवळायला सांगितले तर तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच या आवळायला." म्हणून जाणार आहे.

वर्नियर (रात्री ८:५५)

टॉर्क रेंच घेऊन जा. त्याच्याकडचा शेवटचा कधी तपासला होता ते विचारून पाहा.

मानेवाडा_एक्स्प्रेस (रात्री ९:१०)

१९ चे रिम विकून राहिला का भाऊ? टायरसकट?

धरमपेठी (रात्री ९:१२)

विकून राहिलो. पण तुझ्या गाडीला पाच बोल्टचे बसते का ते आधी पाहा.